वऱ्हाड कोणाचे?

दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या जुन्या कामकाजात माधव श्रीहरी अणे हे नाव वारंवार भेटते. वणीत जन्मलेले, यवतमाळात वकिली केलेले, टिळकांचे निष्ठावंत अनुयायी आणि पुढे लोकनायक म्हणून ओळखले गेलेले हेच बापूजी अणे. १९२० आणि १९३०च्या दशकांत ते तिथे बसत आणि त्यांच्या नावापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ अशी नोंद होई. वऱ्हाडात रीतसर निवडणूक व्हायची, मतदार मते द्यायचे, अणे निवडून यायचे. तरीही कायद्याच्या लेखी ते निर्वाचित सभासद नव्हते. निवडणुकीच्या निकालाला धरून सरकारने त्यांची नेमणूक केली, असे कागदोपत्री मानले जाई. कारण त्यांना निवडून देणारा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हता. कलेक्टर इंग्रजांचा, पोलीस इंग्रजांचा, सारा भरायचा तो इंग्रजांच्या तिजोरीत. पण यवतमाळ, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या चारही जिल्ह्यांवरचे सार्वभौमत्व हैदराबादच्या निजामाचे होते.

आज पॅलेस्टाइन हे राज्य आहे की नाही, यावर जगभरातले कायदेपंडित वाद घालतात. एखाद्या भूमीचे धनीपण नेमके कशात असते? जुन्या कागदात, प्रत्यक्ष ताब्यात, इतर राष्ट्रांनी दिलेल्या मान्यतेत, की तिथे राहणाऱ्या माणसांत? यवतमाळ जिल्ह्याने हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे अंगावर वागवला आहे. त्यामुळे इथल्या वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

वऱ्हाडची ही अवस्था कर्जातून सुरू झाली. १८०३मध्ये देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. त्याआधी तिथे निजाम आणि भोसले दोघांचेही अंमलदार वसुली करीत. त्या कारभाराला लोक दोअमली म्हणत. पुढे इंग्रजांनी निजामाच्या गळ्यात ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज बांधली. फौज इंग्रजांच्या हुकमतीत आणि खर्च निजामाच्या माथी. थकबाकी पन्नास लाखांच्या घरात गेली, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५३च्या तहान्वये फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाडसह आणखी काही मुलूख लावून घेतला. १८५७मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याची परतफेड म्हणून १८६०च्या तहात कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ‘विश्वस्त’ म्हणून ठेवून घेतले. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी वऱ्हाड सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, रोख अनामत ठेवायचीही तयारी दाखवली, १८७६मध्ये थेट इंग्लंड गाठले. हाती काही लागले नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून वऱ्हाडच्या कापसाचे मोल मँचेस्टरला पुरते कळले होते.

शेवटी १९०२मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला गेला. निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी त्याची भेट झाली आणि नोव्हेंबरात करार झाला: वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, त्याबद्दल निजामाला वर्षाला २५ लाख रुपये, आणि निजामाचे सार्वभौमत्व अबाधित. पुढच्या वर्षी हा प्रांत मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला.

शेत मक्त्याने देताना शेताचे मत कोणी घेत नाही. धनी आणि मक्तेदार बसून रक्कम ठरवतात. १९०२चा करार वाचला की वणी, पुसद, दारव्हा आणि केळापूरच्या माणसांना त्या शेताच्या जागी धरलेले दिसते. कापूस पिकवणारा कुणबी, जंगलावर जगणारा गोंड आणि कोलाम, तांडा घेऊन फिरणारा बंजारा यांतल्या कोणालाही ‘तुम्ही कोणाचे?’ असे विचारले गेले नाही. कायद्याने या करारात काही उणे नव्हते. सही करणारा राजा खरा होता, मोबदला ठरलेला होता, सार्वभौमत्वाचा आदर शब्दांत तरी राखला होता. इतके सगळे नीट असून जे राहून गेले, ते सगळ्यांत मोठे होते.

राज्य कशाला म्हणावे, याचे आधुनिक मोजमाप १९३३च्या मॉन्टेव्हिडिओ करारातून घेतले जाते. त्यात चार कसोट्या आहेत: कायम वस्ती, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. यावर पंडितांचे दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे असे की या चार गोष्टी असल्या की राज्य झालेच, इतरांची मान्यता ही फक्त त्याची नोंद. दुसरा म्हणतो, इतर राष्ट्रे मानत नाहीत तोवर राज्य जन्मालाच येत नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात हाच विषय फार आधी हाताळला होता. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र ही त्याने सांगितलेली राज्याची सात अंगे. मॉन्टेव्हिडिओत वस्ती आणि भूभाग अशा दोन वेगळ्या कसोट्या आहेत. कौटिल्याच्या जनपदात माती आणि माणसे एकत्र येतात. मित्र, म्हणजे राज्याला आपले मानणारे बाहेरचे राज्य, हेही त्याने अंगच मानले, पण यादीत सगळ्यांत शेवटी. मान्यतेशिवाय राज्य लंगडे राहते, हे तो जाणत होता. मित्रामुळे जनपद निर्माण होते, असे मात्र त्याने कुठे म्हटलेले नाही.

वऱ्हाडात हे सारे तत्त्वज्ञान कचेरीच्या फायलींत उतरले होते. मुलूख परक्या राजाचा असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. परक्या मुलखातल्या अधिकारांच्या फर्मानाखाली ते एकेक करून लावावे लागत. त्यातली गुंतागुंत सोडवण्यासाठी १९४१मध्ये वऱ्हाडसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दरम्यान सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने १९२३मध्ये वऱ्हाड परत मागितले. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग याने २७ मार्च १९२६च्या पत्राने ती मागणी कायमची मोडीत काढली. ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू नये, असा त्या पत्राचा आशय होता. संस्थाने आणि सार्वभौम सत्ता यांच्या नात्याची चर्चा निघाली की आजही या पत्राचा दाखला देतात, आणि ते लिहिले गेले वऱ्हाडच्या वादातून.

दहा वर्षांनी, १९३६मध्ये, नव्या कराराने निजामाला मानाचा तुरा मिळाला. तो ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ झाला, त्याचा थोरला मुलगा आझम जाह ‘वऱ्हाडचा युवराज’ झाला. या युवराजाची पत्नी दुरुशेहवार ही शेवटचा उस्मानी खलीफा दुसरा अब्दुलमजीद याची मुलगी. जेरुसलेमवर उस्मानी घराण्याची सत्ता चारशे वर्षे होती आणि ती डिसेंबर १९१७मध्ये संपली, इंग्रज फौजा शहरात शिरल्या तेव्हा. म्हणजे पॅलेस्टाइन ज्या घराण्याच्या हातून इंग्रजांकडे गेले, त्याच घराण्याची लेक वऱ्हाडची युवराज्ञी झाली, आणि तिच्या पदवीतला मुलूखही इंग्रजांच्याच हाती होता. पॅलेस्टाइनचा कारभार राष्ट्रसंघाने ब्रिटनकडे सोपवला तेव्हाही भाषा विश्वस्ताचीच होती. तिथल्या लोकांची वाढ आणि कल्याण ही विश्वस्ताची पवित्र जबाबदारी आहे, असे राष्ट्रसंघाच्या सनदेच्या २२व्या कलमात लिहिले होते. वऱ्हाडच्या माणसाला हा शब्द १८६०पासून ठाऊक होता.

या कागदांना पहिले खरे उत्तर जंगलात मिळाले. १० जुलै १९३० रोजी बापूजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला आणि सहा महिन्यांची शिक्षा भोगली. त्या दिवशी त्या जंगलाचे सार्वभौमत्व एकाकडे होते, पट्टा दुसऱ्याकडे. विळा हाती घेतलेल्या माणसांनी दोघांचीही परवानगी मागितली नाही. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे, हे टिळकांचे म्हणणे अण्यांनी नुसते पाठ केलेले नव्हते. टिळकांच्या चरित्रावर त्यांनी पुढे ‘तिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत महाकाव्य लिहिले. हक्क जन्माने मिळतो असे म्हटले की सनदा, तह आणि मान्यतापत्रे त्याच्या मागाहून येतात. त्यांच्याने हक्काची वाट मोकळी होते किंवा अडते, पण हक्क त्यांच्या आधीचा असतो. जंगल सत्याग्रहाचा तात्त्विक पाया हा होता, आणि पॅलेस्टाइनच्या वादातही पाय टेकायला दुसरी भक्कम जागा दिसत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही पैनगंगेपलीकडे तयार होते. १९४७मध्ये हैदराबादकडे राज्याला लागणारे जवळजवळ सगळे होते: ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटीहून अधिक वस्ती, हाली सिक्का हे स्वतःचे चलन, टपाल, रेल्वे, फौज. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने भारताशी जैसे थे करार केला. नेमक्या त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव मंजूर केला. पुढच्या ऑगस्टमध्ये हैदराबाद भारताविरुद्ध तक्रार घेऊन सुरक्षा परिषदेकडे गेले. १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये चर्चा झाली, तेव्हा पहिलाच पेच पडला की तक्रार करणारे हे राज्य आहे का? दुसऱ्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली आणि काही दिवसांत तक्रार मागे घेतली. त्याच १७ सप्टेंबरला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा खून झाला.

मॉन्टेव्हिडिओच्या कसोट्यांवर हैदराबाद पॅलेस्टाइनपेक्षा किती तरी सरस उतरले असते. तरी त्याचा दावा पोकळ होता, कारण ज्या रयतेच्या नावाने तो केला तिला त्यात स्थानच नव्हते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालची निजामविरोधी चळवळ हेच सांगत होती, आणि सरहद्दीवरच्या वऱ्हाडी गावांतून तिच्या सैनिकांना आसरा मिळत होता. पण हा न्याय लावताना आपल्याकडची जखमही झाकता येत नाही. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांमागून भारताची हैदराबादवरची पोलीस कारवाई आली, आणि तिच्यापाठोपाठ मराठवाड्यात हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची चौकशी केली आणि तो अहवाल कित्येक दशके बासनात राहिला. रयतेच्या इच्छेवर उभे राहिलेले राज्य त्याच रयतेतल्या काहींना परके मानू लागले, तर त्याचा दावाही तितकाच डागाळतो. ही अट हैदराबादला, भारताला, इस्रायलला आणि उद्याच्या पॅलेस्टाइनला सारखीच लागू आहे.

भूमीवरच्या हक्काचा धर्माच्या अंगाने झालेला एक मोठा वादसंवाद यवतमाळच्या शेजारच्या जिल्ह्यातून निघाला. नोव्हेंबर १९३८मध्ये गांधीजींनी सेगावहून, म्हणजे आजच्या सेवाग्रामहून, ‘हरिजन’साठी ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहिला. जर्मनीत ज्यूंचा छळ चालला होता, त्याबद्दल त्यांना अपार कळवळा होता. पण पॅलेस्टाइन अरबांचे आहे आणि ज्यूंना त्यांच्यावर लादणे अन्यायाचे आहे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. जर्मनी सोडून जेरुसलेमला आलेले तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबर यांनी १९३९च्या आरंभी त्यांना खुले पत्र लिहिले. एकाच भूमीवर दोन खरे दावे आहेत आणि त्यांची तराजूत तुलना होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. शिवाय अरबही कधी काळी जिंकूनच आले, मग तलवारीने मिळालेला हक्क तेवढा पवित्र कसा? ब्यूबरांच्या मते देव कोणाला भूमी देऊन टाकत नाही. जिंकणाऱ्यालाही ती उसनीच मिळते आणि तो तिचे काय करतो हे देव पाहत असतो.

विनोबांनी १९५१मध्ये जुन्या हैदराबाद राज्यातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू केले, तेव्हा जमीन गोपाळाची हीच त्यांची श्रद्धा होती. या दृष्टीने पाहिले तर सगळेच पट्टेदार ठरतात, आणि पट्टेदाराची परीक्षा एकच: शेजाऱ्याला त्याने जगू दिले का? गांधीजींचा न्याय आणि ब्यूबरांचा न्याय इथे एकमेकांना भेटतात. अरबांना न विचारता त्यांची भूमी दुसऱ्यांना देणे चूक होते. तिथे वसलेल्या, पिढ्या वाढलेल्या ज्यूंना आता उपरे म्हणून हुसकणेही चूकच. १९४७च्या संयुक्त राष्ट्र समितीत भारताचे प्रतिनिधी अब्दुर रहमान यांनी इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली, ती याच जाणिवेच्या जवळची होती. ती फेटाळली गेली. ११ मे १९४९ रोजी इस्रायल संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला, सीमा ठरलेल्या नसतानाही. १७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने त्याला मान्यता दिली.

पॅलेस्टाइनला राज्य न मानणाऱ्यांचे मुद्दे वजनदार आहेत. सीमा ठरलेल्या नाहीत. वेस्ट बँकचा सुमारे साठ टक्के भाग ओस्लो करारांच्या वाटणीत ‘क’ क्षेत्र म्हणून इस्रायलच्या पूर्ण नियंत्रणात राहिला. गाझात २००७पासून हमासची वेगळी सत्ता होती. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी तिने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली आणि शेकडोंना ओलीस नेले. अशा शेजाराला राज्याचा दर्जा दिला तर सुरक्षिततेचे काय, हा इस्रायली आईबापांचा प्रश्न खरा आहे. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो मुलांसह दहा हजारांच्या पटीत माणसे मेली, शहरे ढिगारा झाली. राज्य वाटाघाटींतूनच यावे, अशी अमेरिकेची भूमिका राहिली. एप्रिल २०२४मध्ये सभासदत्वाचा ठराव सुरक्षा परिषदेत बारा मते मिळूनही अमेरिकेच्या नकाराधिकाराने पडला.

दुसऱ्या पारड्यातही पुष्कळ आहे. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी आमसभेने पॅलेस्टाइनला निरीक्षक राज्याचा दर्जा दिला. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्याप्त प्रदेशातली इस्रायलची उपस्थिती बेकायदा ठरवून ती शक्य तितक्या लवकर संपवावी असे मत दिले आणि पॅलेस्टिनी जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क ठामपणे सांगितला. ते राज्य आहे का, हा थेट प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. सप्टेंबर २०२५मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने मान्यता दिली; मान्यता देणारे देश आता दीडशेहून अधिक आहेत. भारताने ती १९८८मध्येच दिली होती.

या दोन बाजू तोलताना वऱ्हाडचा अनुभव एक चूक टाळायला शिकवतो. शासन दुबळे आहे, सीमा धूसर आहेत, म्हणून हक्कच नाही, असे म्हणणे म्हणजे ताबेदाराच्या ताब्यालाच पुरावा मानणे. ज्याच्या ताब्यामुळे शासन उभे राहू शकत नाही, त्यानेच शासन नाही म्हणून बोट दाखवावे, हा न्याय नव्हे. अण्यांना कायद्याने निर्वाचित म्हणता येत नव्हते, म्हणून वऱ्हाडच्या मतदारांना मत नव्हते असे होत नाही.

इथे एक आक्षेप विदर्भातूनच येईल. १९५५मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने यवतमाळसह आठ जिल्ह्यांचे विदर्भ राज्य सुचवले होते. ते झाले नाही. १९५६मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आले, १९६०मध्ये महाराष्ट्र. अण्यांनी वेगळ्या विदर्भाचा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही. १९६२मध्ये त्याच भूमिकेवर ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. लोकांची इच्छा हाच पाया, तर प्रत्येक प्रदेशाला राज्य द्यायचे का? उत्तर नागरिकत्वात आहे. विदर्भ वेगळा झाला किंवा न झाला, यवतमाळचा माणूस त्याच संसदेला मत देतो, त्याच न्यायालयात दाद मागतो. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाखालचा तो कारभाराच्या वाटणीचा वाद आहे, आणि तो मतपेटीतून लढता येतो. वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी माणसावर ज्या सैन्याची हुकूमत चालते, ते सैन्य पाठवणाऱ्या संसदेला त्याचे मत नाही, आणि स्वतःचे सार्वभौम राज्यही त्याला नाही. दोन्ही दारे बंद असतात तिथे स्वयंनिर्णय ही न्यायाची किमान मागणी ठरते.

म्हणून मान्यता देणाऱ्या देशांचे काम मान्यतापत्राने संपत नाही. इस्रायलशी सीमा आणि सुरक्षिततेची बोलणी करावीच लागतील, शेजाऱ्याशिवाय ती होऊ शकत नाहीत. फक्त त्या बोलण्यांना हक्काची पूर्वअट बनवू नये. आणि पॅलेस्टिनी नेत्यांनाही तोच प्रश्न विचारायला हवा, जो १९०२मध्ये निजामाला कोणी विचारला नाही: तुम्ही सही करता ती कोणाला विचारून? अल्जियर्समध्ये पॅलेस्टाइन राज्याची घोषणा झाली ती १५ नोव्हेंबर १९८८ रोजी. तिथल्या कायदेमंडळाची शेवटची निवडणूक झाली जानेवारी २००६मध्ये. घोषणेच्या दिवशी जन्मलेल्या मुलाला तेव्हा अठरावे वर्ष पुरे झालेले नव्हते. त्याच्या राज्याला दीडशे देशांनी मान्यता दिली आहे, आणि त्या राज्याच्या कायदेमंडळासाठी त्याने अजून एकदाही मत दिलेले नाही. गाझा, वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेममध्ये ती मतपेटी नेणे ही मान्यता देणाऱ्या प्रत्येक देशाची, आणि त्यात भारताचीही, जबाबदारी आहे.